फ्रिजमधल्या जंतूंची हुशारी

डिसेंबरात कोल्हापुरात पहाटेचा गारठा वाढला की बरणीतले तूप घट्ट होते; पण शेजारच्या बाटलीतले शेंगतेल पातळच राहते. असे का? तुपातल्या चरबीच्या बऱ्याच साखळ्या सरळ असतात. सरळ काड्यांच्या मोळीसारख्या त्या एकमेकींना खेटून गच्च बसतात. तेलातल्या बहुतेक साखळ्यांना बाक असतो. वाकड्या काड्यांची मोळी कितीही आवळा, सैलच राहते. फ्रिजमधले अन्न का नासते, याचे अर्धे उत्तर या मोळीत आहे.

फ्रिजमध्ये ठेवले म्हणजे जंतू मेले, असा पुष्कळ भगिनींचा समज असतो. तो खरा नाही. चार अंशांच्या थंडीत बहुतेक जंतूंची वाढ मंदावते किंवा थांबते, एवढेच. काही जंतू तर तिथेही वाढतात. माती, पाणी, भाजीपाला यांत सर्वत्र सापडणारा स्युडोमोनास हा त्यातलाच. दुसरा येर्सिनिया एन्टरोकोलिटिका. कच्चे दूध किंवा नीट न शिजलेले डुकराचे मटण यांतून तो पोटात गेला तर ताप, पोटदुखी, जुलाब होतात. लहान मुलांना त्याचा त्रास अधिक.

या जंतूंना थंडी का बाधत नाही? त्यांच्या अंगावर एकावर एक असे दोन पातळ पापुद्रे असतात. बाहेरच्या पापुद्र्याचा वरचा थर चरबी आणि साखर जोडून झालेल्या रेणूंचा असतो. हा थर तुपासारखा थिजला तर जंतूचे सारे व्यवहार अडतील. म्हणून तो साखळ्याच बदलतो. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय बारा अंशांवर वाढवला, तर तो या थरातल्या काही सरळ साखळ्यांच्या जागी बाक असलेल्या साखळ्या बसवतो. हे काम त्याच्याकडचे एक खास विकर करते, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले.

आपल्या देशातही यावर मोलाचे काम झाले आहे. अंटार्क्टिकातून आणलेला स्युडोमोनास सिरिंजी हा जंतू शून्य अंशालाही वाढतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याचा हाच थर तपासला. तापमानाप्रमाणे त्यातील फॉस्फेटच्या जोडणीत फरक पडतो आणि थंडीशी जुळवून घेण्यात त्याचा हात असावा, असे त्यांनी १९९४ मध्ये मांडले.

आता घरातले पाहू. आपला जिल्हा दुधाचा. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची हौस जुनीच आहे. पण मुलांना दूध उकळूनच द्यावे. कच्चे दूध फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवून मग तापवू नये. उकळल्यावर स्युडोमोनास मरतो, पण तोवर त्याने दुधात सोडलेली काही विकरे उष्णतेलाही दाद देत नाहीत. दूध कडवट लागते ते त्यामुळेच. म्हणून दूध आणल्याबरोबर उकळावे, निवले की झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. कच्चे मटण झाकून खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी शिजलेल्या अन्नात ठिबकत नाही. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा आणि वाढण्यापूर्वी त्याला खळखळून उकळी यावी. वास आलेले अन्न मात्र उकळूनही खाऊ नये. ते टाकताना जीव हळहळतो. पण मुलाच्या दुखण्यापुढे वाटीभर रश्श्याची किंमत ती काय?