पावसाळ्यात रस्त्याची खबर फोनवर मिळावी

कोऱ्या कापडाचे ताके भरून टेम्पो सुटला की मालकाचा जीव टांगणीला. पावसाळ्यात तर विचारूच नका. कामवारीला पूर आला की सखल भागात पाणी शिरते, कसारा घाटात दरड आली की नाशिककडचा माल अडकतो. ताका भिजला, डाग पडला, की भाव उतरतो आणि व्यापारी-ट्रान्सपोर्टवाल्यात तंटा सुरू होतो.

अमेरिकेने २००० साली रस्त्यांच्या माहितीसाठी ५११ हा क्रमांक राखून ठेवला. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आहे, पण त्याचा भर अपघात आणि बंद पडलेल्या गाडीवर. वाडा रस्त्यावर पाणी किती, मानकोलीला गाड्या कुठवर तुंबल्या, हे तिथे कोण सांगणार? मोबाइलवर निरोप फिरतात; त्यातले पुष्कळ कालचे. शिवाय स्टिअरिंगवर बसलेल्या ड्रायव्हरने ते वाचायचे कधी?

यंत्रमागवाले आणि ट्रान्सपोर्टवाले बांधवांनी मिळून जून ते सप्टेंबर एक फोन चालवावा. नाके, पोलीस चौकी आणि परतलेले ड्रायव्हर यांना विचारून, हवामान खात्याचा इशारा जोडून, दर तासाला खबर आवाजात भरून ठेवावी. मराठीत आणि हिंदीतही. बिल्टीमागे रुपया-दोन रुपये घेतले तर एका माणसाचा पगार सुटावा. मात्र खबर किती वाजताची, हे आधी सांगितले पाहिजे.