राजगडाला मान, मग वाटेचं काय?
2025 साली मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. राजगड त्यांत आहे, शेजारचा तोरणा नाही. आनंद झालाच, पण मला काळजी आहे ती दोघांना जोडणाऱ्या डोंगरधारेची. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरायचं आणि बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं, अख्खा दिवस जातो. पण गड एकमेकांच्या आधाराने कसे उभे होते, हे तिथे चालतानाच उमगतं. संजीवनीची चिलखती तटबंदी, दुहेरी भिंतींमधला तो अरुंद बोळ, मी दरवेळी हाताने चाचपतो. रविवारी राजगडाच्या चोर दरवाजाच्या वाटेवर खोळंबा, धारेवर तुरळक माणसं. उद्या गर्दी वाढली, तरी तिथे रेलिंग, सिमेंटच्या पायऱ्या नकोत. पायथ्याच्या गावांतली पोरं वाटाडे म्हणून नेमा, त्यांना रीतसर मानधन द्या.