पित्ताचा त्रास



दांडिया बाजारातल्या आमच्या आजोळी एक शब्द फार चालायचा – पित्त. थोरले मामा लग्नाला आले नाहीत की 'पित्त उसळलंय'. दुपारपर्यंत उठले नाहीत की 'रात्रभर पित्तानं झोप नव्हती'. एका दिवाळीत त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं, तेव्हाही नातेवाइकांना हेच कळवलं. मी तेव्हा दहावीत होते. मामांच्या खोलीत वास कसला येतो, हे आम्हा मुलांना पक्कं ठाऊक होतं. आणि तो विषय काढायचा नाही, हेही कुणी न सांगता ठाऊक होतं.

त्यात आपण गुजरातेत. १९६० साली राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी. इतर ठिकाणी पिणाऱ्याच्या घराला लोकांची लाज असते. आपल्याकडे तिच्या जोडीला पोलिसांची भीती. त्यामुळे बडोद्याच्या घरांत हा विषय दोन कड्या लावून बंद असतो.

मामांनी सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. कुलदैवतापुढे शपथ घेतली. आजीनं पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घालायला लावली. गळ्यात माळ आणि धान्याच्या कोठीमागे बाटली, असं काही महिने चाललं. मग माळेचा अपमान नको म्हणून त्यांनीच ती उतरवून देवघरात ठेवली. "देवालासुद्धा माझं काही करता येत नाही," असं मामीला म्हणाले.

पुढे मी कॉलेजात असताना त्यांच्या कारखान्यातल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्यानं त्यांना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या, सभेला नेलं. शहरातल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत ती भरायची. आजी हादरली. "दारू पिऊन मेला तरी चालेल, पण बाटायला नको," हे तिचे शब्द मी ऐकलेत. महिनाभरानं तिथे घरच्यांसाठी खुली सभा होती. मामी मला सोबतीला घेऊन गेली. मामा उभे राहिले, आपलं नाव सांगितलं आणि म्हणाले, "मी दारुडा आहे." खोलीत कुणी चमकलं नाही. मामी मात्र माझा हात धरून हळूच म्हणाली, "आता मला कुणाला पित्त सांगायला नको गं."

आजीच्या भीतीत तथ्य किती, हे बघायला मी नंतर ए.ए.चा इतिहास वाचला. त्याची मुळं ख्रिस्ती आहेत, यात शंका नाही. १९३५ साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात, डॉ. बॉब स्मिथ नावाचे सर्जन होते. ते ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या बैठकांना दोन वर्षांहून जास्त काळ जात होते. प्रार्थना करत होते, बायबल वाचत होते. आणि पीत होते. त्याच मे महिन्यात न्यूयॉर्कहून बिल विल्सन कामासाठी अ‍ॅक्रनला आले. त्यांची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला, संध्याकाळी हॉटेलातला बार खुणावू लागला. पिण्यापेक्षा दुसऱ्या कुणा पिणाऱ्याशी बोलावं, म्हणून त्यांनी चर्चच्या यादीतून फोन लावला आणि त्यातून डॉ. बॉब यांची गाठ पडली. पंधरा मिनिटंच थांबीन, असं बजावून आलेले डॉक्टर सुमारे सहा तासांनी उठले. विल्सननी त्यांना उपदेश केला नव्हता, स्वतःची कहाणी सांगितली होती. डॉ. बॉब एकदा पुन्हा घसरले, पण १० जून १९३५नंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. ए.ए. तोच दिवस आपला स्थापनादिन मानते.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डॉ. बॉब यांची श्रद्धा आधीही होती. नव्हतं ते आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसासमोर बसून खरं बोलणं. मामांचीही भक्ती खोटी नव्हती. पण शपथ आणि माळ यांच्याबरोबरच घरात 'पित्त'ही चालू होतं. देवापुढे खरं आणि माणसांपुढे खोटं, अशी सोय श्रद्धा करून देत नाही. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, चुकांची कबुली एकमेकांपाशीही द्यावी असा उपदेश आहे. ए.ए.च्या बारा पायऱ्यांतली पाचवी पायरी हेच सांगते: कबुली देवापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी. देव कुठला, हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडलं आहे. मामा शेवटपर्यंत विठ्ठलालाच हात जोडत राहिले. आजीला ते दिसलं, तेव्हा ती गप्प झाली.

खरं बोलायचं म्हणजे दवंडी पिटायची असंही नाही. अ‍ॅक्रनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया नावाच्या जोगीण होत्या. तेव्हा हॉस्पिटलं दारुड्यांना दाखल करून घ्यायला नाखूष असत. म्हणून १९३९ साली त्यांनी असा पहिला रुग्ण दाखल केला तो कागदावर 'पोटाला तीव्र सूज' लिहून. थोडक्यात, तिथेही पित्तच! पण फरक बघा. त्यांच्याकडचा 'पोटाचा आजार' रुग्णाला उपचारापर्यंत नेण्यासाठी होता आणि आत गेल्यावर सगळं उघड बोललं जाई. आमचं पित्त मामांना उपचारापासून लांब ठेवत होतं.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे फादर जो परेरा. स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्या या धर्मगुरूंनी १९८१ साली मुंबईत, वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं. बारा पायऱ्यांना त्यांनी बी. के. एस. अय्यंगार गुरुजींकडे शिकलेल्या योगाची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाद्रीबुवाच व्यसनी होते, हे लपवायला किती सोपं आणि किती सोयीचं होतं! त्यांनी ते सांगितलं, म्हणून त्यांच्याकडे येणाऱ्याला मान खाली घालावी लागली नाही.

तरुण मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या घरात आज असं एखादं 'पित्त' असेल, किंवा स्वतःचंच असेल, तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर करायची गरज नाही. एका भरवशाच्या माणसाला खरा शब्द वापरून सांगा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आणि किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन असे वेगळे गटही आहेत. सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही हेल्पलाइन मोफत आहे. आणि एक लक्षात ठेवा: बरीच वर्षं भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केलं तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. शपथ घ्यायला लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मामा दोनदा घसरले. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं. त्यानंतरची एकोणीस वर्षं ते प्यायले नाहीत. माझ्या लग्नात पंगतीला वाढायला तेच पुढे होते. शेवटच्या काही वर्षांत त्यांना खरोखरच पित्ताचा त्रास सुरू झाला. त्यांनी तसं सांगितलं की मामी आधी त्यांच्याकडे निरखून बघायची आणि मग दोघंही हसायची.

भेटू पुढच्या अंकात.