न सरकणारं सरकतं दार

आमच्या तीर्थपुरीच्या घराला मागच्या बाजूला काचेचं सरकतं दार आहे. 2003 साली घर बांधलं तेव्हा अप्पांनी हौसेनं बसवून घेतलेलं. त्या काळी आमच्या गल्लीत ॲल्युमिनियमचं स्लायडिंग म्हणजे कौतुकच! शेजारपाजारचे बघायला यायचे आणि पोरं ते उगाच इकडून तिकडे सरकवून बोलणी खायची. (त्यात मीही.)

गेली दोनेक वर्षं ते नीट सरकत नव्हतं. आई फोनवर सांगायची, "ते मागचं दार उघडूच नाही राहिलं रे." आणि मी पुण्यातून, एका कानात मीटिंग चालू ठेवून, सांगायचो, "नवीन बसवून घ्या ना, मी पैसे पाठवतो." आपल्या पिढीचं ठरलेलं उत्तर. मिक्सर बिघडला, पैसे पाठवतो. गुडघे दुखतात, पैसे पाठवतो.

मग एक फॅब्रिकेटर येऊन माप घेऊन गेला. आठ बाय सात, छप्पन चौरस फूट, नवीन दार, 42 हजार. जुनं त्यानं हात लावूनसुद्धा पाहिलं नाही म्हणे. "याचं लाइफ संपलं." अप्पांना काही ते पटलं नव्हतं, पण पोरगा पैसे देतोय म्हटल्यावर गप्प बसले.

यंदा दिवाळीला गेलो. पहिल्याच सकाळी बघतो तर आई तुळशीला पाणी घालायला पुढच्या दारानं बाहेर पडली आणि अख्ख्या घराला वळसा घालून मागे गेली. खांदा दुखतो, दार ओढवत नाही. दोन वर्षं हे असंच! फोनवर मला कळलं नव्हतं. खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

बसलो दारापाशी. आता जरा तांत्रिक, पण ऐकाच. सरकणारी जी काचेची चौकट असते (कारागीर तिला शटर म्हणतात) तिचा सगळा भार खालच्या दोन छोट्या चाकांवर असतो. शटर वर उचललं की वरच्या पट्टीत थोडं आत जातं, मग खालची बाजू आपल्याकडे घेतली की अख्खं बाहेर निघतं. दोन माणसं लागतातच, एकट्यानं शहाणपणा करू नये. मी आणि चुलतभावानं दोन्ही शटरं काढून, खाली गोधडी घालून, भिंतीला टेकवली.

खालच्या ट्रॅकमध्ये काय होतं? आमची काळी माती! कपाशीला सोनं, पण भिजून वाळली की सिमेंट. त्यात अप्पा वर्षानुवर्षं गोडं तेल सोडत आलेले. तेलात धूळ चिकटते आणि तयार होते ती चाकं घासून काढणारी मस्त पेस्ट. पाणी बाहेर जायला ट्रॅकला बारीक भोकं असतात, तीही बुजलेली. पावसाळ्यात पाणी खोलीत यायचं, त्या दुसऱ्या बगचं मूळ तिथं होतं. चारपैकी दोन चाकं चपटी, दोन जाम. काच आणि फ्रेम मात्र ठणठणीत.

जुनं चाक खिशात घालून जालना गाठलं. तिसऱ्या दुकानात तसलंच सापडलं. (दुकानात 'बेअरिंग' म्हणायचं, 'चाक' म्हटलं की सायकलवाल्याकडे पाठवतात.) चार बेअरिंग, कडेच्या ब्रशच्या पट्ट्या आणि सिलिकॉन स्प्रे, सगळं मिळून हजाराच्या आत.

2000 साली जोएल स्पोल्स्कीनं नेटस्केपवर एक लेख लिहिला होता. चालू कोड फेकून सगळं नव्यानं लिहायला घेणं ही त्यांची घोडचूक, असा मुद्दा. हा लेख आम्ही एकमेकांना फॉरवर्ड करतो, रिव्ह्यूमध्ये तोंडावर फेकतो आणि घरचं काही बिघडलं की थेट रीराइट! लॉग न बघता.

पर्यावरणाचं कारण मी पुढे करणार नाही. भंगारातलं ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नवं बनवण्याच्या साधारण पाच टक्केच ऊर्जा लागते, त्यामुळे जुनी फ्रेम काही वाया गेली नसती. आणि फ्रेमच वाकली असती किंवा ट्रॅकची धार झिजून गेली असती, तर मीही नवीनच घ्या म्हटलं असतं. एक उणीव आजही आहे. ही साधी काच आहे, टफन्ड नाही. फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. भाचा घरभर धावतो, म्हणून आतून सेफ्टी फिल्म लावून घेतली. त्याचे पैसे वेगळे गेले, पण 42 हजारांच्या जवळपासही नाहीत.

संध्याकाळी आईनं एका बोटानं दार सरकवलं. मग परत लावलं. परत सरकवलं. "आता तो मिक्सरपण बघून जा," म्हणाली.

निघायच्या दिवशी बॅग भरत होतो, सहज मागे नजर गेली, तर अप्पा तेलाची बुधली घेऊन ट्रॅकपाशी वाकलेले!