डावऱ्यांची दुनळी

रविवारी दुपारी जुने फोटो स्कॅन करत बसलो होतो. त्यात अण्णाकाका सापडले. सिंधुदुर्गातलं आमचं घर, अंगण आणि काकांच्या खांद्याला दुनळी बंदूक. शेतीसंरक्षणाचा परवाना होता त्यांचा. रात्री भातात डुकरं शिरली की हवेत बार काढायचे. निवडणुका आल्या की बंदूक पोलीस स्टेशनात जमा. असो. मुद्दा हा की काका डावरे होते, आणि घरातला दुसरा डावरा मी.

लागोपाठ दोन बार काढले की काकांचं बोट सोललेलं असायचं. आम्ही पोरांनी विचारलं की म्हणायचे, "आपलोच हात वाकडो, बंदूक काय करतली?"

मला हे बरीच वर्षं पटलं होतं. मग ऑनसाइटला इंग्लंडात असताना एक कलीग मातीच्या तबकड्या उडवायला घेऊन गेला. तिथल्या मास्तरांनी आधी हात विचारला, मग कुठला डोळा जोरकस आहे ते पाहिलं, आणि आत जाऊन वेगळीच बंदूक घेऊन आले. तीही दुनळीच. मी म्हटलं, दोन नळ्या शेजारी शेजारी, यात डावं-उजवं काय असणार?

तर असतं! दस्ता सरळ नसतो. उजव्या हाताच्या बंदुकीत तो किंचित उजवीकडे वळवलेला असतो, म्हणजे डोळा नळ्यांच्या बरोबर मध्ये येतो. बंदूक उघडायची वरची खिट्टी उजव्या अंगठ्याने ढकलायची. आणि खरी गंमत चापांची. पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी. पुढचा जरा उजवीकडे असतो, मागचा जरा डावीकडे, कारण बोट उजवीकडून आत येणार असं धरलेलं असतं. चांगल्या बंदुकीत चापाभोवतीच्या कडीची उजवी कडसुद्धा बोटाला लागू नये म्हणून गोल केलेली असते. डावऱ्याचं बोट येतं उलट बाजूने. त्यात मागचा चाप ओढला की धक्क्याने बंदूक मागे येते आणि पुढचा चाप बोटावर आपटतो. हा त्रास उजव्यांनाही होतो, म्हणून तर काही बंदुकांत पुढच्या चापाला बिजागरी असते. पण डावऱ्याला सगळंच उलटं. खऱ्या डावऱ्या दुनळीत पुढचा चाप डावीकडे असतो आणि डावी नळी उडवतो. थोडक्यात, काकांच्या हातात काही खोट नव्हती. डिफॉल्ट सेटिंग दुसऱ्याचं होतं.

आता कुणी म्हणेल, मग एकाच चापाची घ्या ना, भानगडच नको. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. एका चापाच्या बऱ्याच बंदुकांत पहिल्या बाराचा धक्काच दुसरी नळी तयार करतो. पहिलं काडतूस फुसकं निघालं तर धक्का नाही, आणि दुसरा बारही नाही. शिवाय धक्क्यात बोट नकळत दुसऱ्यांदा चाप ओढतं, ओढणाऱ्याला पत्ताही लागत नाही. लंडनच्या बॉस कंपनीच्या जॉन रॉबर्टसनने 1894 साली यावर तोड काढली: मधलं नकळत ओढणं वाया घालवायचं आणि तिसऱ्याला दुसरी नळी उडवायची. आपण कीबोर्डला डीबाउन्स लावतो, तेच की हे! वाचून मी खुर्चीतच उडालो.

तरीही मी दोन चापांच्या बाजूने. एका नळीचं तोंड जरा मोकळं असतं, छर्रे लवकर पसरतात, जवळच्यासाठी. दुसरीचं आवळलेलं, लांबच्यासाठी. कुठली हवी ते बोटाने ठरवायचं, त्याच क्षणी. एका चापाच्या बंदुकीत त्यासाठी वेगळं बटण शोधा, आणि तेवढ्यात तबकडी जमिनीवर. मेनूत जाऊन ऑप्शन बदलण्यापेक्षा दोन कीज बऱ्या. आणि दोन चाप म्हणजे दोन वेगळ्या कळा, एक बिघडली तरी दुसरी चालते.

माझी तक्रार आहे ती 'लेफ्ट हँड' लेबलवर. पुष्कळदा त्याचा अर्थ दस्ता डावीकडे वळवला, बस्स, इतकाच असतो. दस्ता ही तर सोपी गोष्ट. कारागीर गरम तेल लावून लाकूड हळूहळू वाकवतात, जुन्या बंदुकीचंही जमतं. चापांची अदलाबदल म्हणजे आतल्या कामाला हात घालणं, ते महाग, म्हणून ते टाळतात. दुकानदाराच्या दृष्टीने ठीकच आहे म्हणा, पण मग पूर्ण पैसे कशाला घ्यायचे?

हेही कबूल करतो की डावऱ्यांसाठी दुनळी बाकीच्यांपेक्षा बरीच बरी. ऑटोमॅटिकमध्ये रिकामं काडतूस उजवीकडून उडतं, म्हणजे आपल्या थोबाडासमोरून. इथे बंदूक मोडली की दोन्ही काडतुसं मागच्या मागे बाहेर.

तुमच्यापैकी कुणी डावरे रेंजवर जाणार असाल तर दुनळी रिकामी आहे याची खात्री करून घ्या आणि मग फक्त पुढचा चाप कुठल्या बाजूला आहे ते बघा. उजवीकडे असेल तर ती बंदूक तुमची नाही, लेबल काहीही असो. त्या दिवशी मी पंचवीसपैकी अकरा तबकड्या फोडल्या. बोट शाबूत होतं. फोन करून काकांना सांगावंसं फार वाटलं, पण ते जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.