टकटक ऐकू आली की हात आवरा

तर मंडळी, झालं असं. दिवाळीला अड्याळला घरी गेलो, एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली आणि फाइली उघडेनात. त्यात आजीच्या आवाजाचं एकुलतं एक रेकॉर्डिंग. आजी आता नाही. नागपूरच्या एका दुकानाचा आकडा ऐकून मी गप्पच झालो. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर ना रे?"

माझं मत असं, की डेटा स्वस्तात परत मिळतो, पण घाई केली नाही तरच. डिस्क टकटक वाजत असेल तर बहुतेक हेड गेलंय. लगेच बंद करा. तिथे पैसे मोजावेच लागतात. फ्रीजरचा 'रामबाण' उपाय तर नकोच, आत दव साचतं.

आवाज नसेल तर आधी केबल बदला. तरीही अडलं तर मूळ डिस्कवर चेकडिस्क चालवू नका. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यूने तिची प्रत नव्या डिस्कवर काढा. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागी नंतर वळतं. रात्री दोनदा लाइट गेली, पण मॅपफाइल होती म्हणून काम थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं. मग प्रतीवर फोटोरेक. दोन्ही फुकट, खर्च फक्त नव्या डिस्कचा.

काही फोटो गेले. आजी मिळाली.

ऑफिसात सर्व्हरचे बॅकअप रोज तपासणारे आपण, घरचं सगळं मात्र एकाच डिस्कवर हलवतो आणि त्यालाच बॅकअप म्हणतो! दुसरी डिस्क आजच घ्या. रिकव्हरीपेक्षा स्वस्त पडते. असो.