तळहातावरचा संगणक आणि नागपूरचे ऊन

३० मे २०२४ रोजी नागपुरात एक आकडा झळकला आणि काही तासांत तो देशभर पोहोचला. रामदासपेठ भागात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मोकळी शेतजमीन आहे. तेथील स्वयंचलित हवामान केंद्राने कमाल तापमान ५६ अंश सेल्सिअस नोंदविले होते. देशातील मान्य उच्चांक ५१ अंशांचा; तो १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे नोंदला गेला. जागतिक उच्चांक अमेरिकेतील डेथ व्हॅलीचा, १९१३ मधील ५६.७ अंशांचा. या हिशेबाने नागपूर त्या दुपारी पृथ्वीवरील सर्वांत उष्ण ठिकाणांच्या पंक्तीत जाऊन बसले. इतर काही केंद्रांतील नोंद मात्र ४४-४५ अंशांच्या घरात होती. संवेदकातील बिघाडामुळे हा आकडा आल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. आदल्याच दिवशी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखविले होते. तेथील संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले.

यंत्र चुकते, यात नवल नाही. ते चुकले आहे हे कोणी आणि कशाच्या आधारे ओळखायचे, हा खरा प्रश्न आहे. तो आता केवळ हवामान खात्यापुरता उरलेला नाही. एटीएम कार्डाएवढ्या पाटीवर मावणारा, लिनक्सवर चालणारा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर शाळकरी मुलांच्या हाती आला आहे. तापमान, आर्द्रता, पाऊस, नाल्याची पातळी मोजणारे केंद्र कोणालाही घराच्या गच्चीवर उभारता येते. मोजमापाचे साधन असे सर्वांहाती येणे ही मोठी गोष्ट आहे. मात्र ते साधन सांभाळण्याची विद्या त्याच वेगाने पसरते आहे का, याचा विचार झालेला नाही.

स्वस्ताईच्या पलीकडे

स्वस्त संगणकाचे स्वप्न आपल्याकडे नवे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी आणि तेथील अभियंत्यांनी लिनक्सवर चालणारा सिम्प्युटर २००१ मध्ये पुढे आणला. ग्रामीण भारताचा संगणक म्हणून त्याचे जगभर कौतुक झाले. विक्री मात्र काही हजारांच्या आतबाहेरच राहिली. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. तो लॅपटॉपही लिनक्सवरच चालणारा होता. त्या योजनेला देशात व्यापक रूप कधी आले नाही.

पुढे यश मिळाले ते वेगळ्या हेतूने जन्मलेल्या बोर्डाला. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश मागणाऱ्यांची संख्या घटते आहे आणि येणाऱ्यांचा हातही यंत्राला लागलेला नाही, ही एबेन अपटन यांची अस्वस्थता होती. त्यातून घडलेला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. मूळ किंमत होती अवघी ३५ डॉलर. कंपनी २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात उतरली, तोवर सहा कोटींहून अधिक बोर्ड विकले गेले होते. स्वस्ताई हे त्याचे एक कारण आहेच. परंतु बिघडले तर बिघडू दे, कार्ड पुसून पुन्हा सुरू करू, ही मुभा त्याने विद्यार्थ्याला दिली, हे अधिक महत्त्वाचे. घरातल्या एकुलत्या एका संगणकावर ही मुभा कोणी देत नाही.

किमतीचा आधार किती तकलादू असतो, हेही पुढे दिसले. जागतिक चिपटंचाईमुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये या बोर्डाच्या एका प्रमुख प्रकाराची किंमत ३५ वरून ४५ डॉलरवर गेली आणि नंतर बराच काळ माल मिळेनासा झाला. २०२५ अखेरीस मेमरी महागल्याने पुन्हा दरवाढ झाली. म्हणूनच केवळ स्वस्त आहे म्हणून घ्या, हा युक्तिवाद पुरेसा ठरत नाही. नुसते तापमान मोजायचे असेल तर आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड त्याहून स्वस्त पडतो आणि वीजही कमी खातो. अनेक संवेदकांची नोंद साठवायची, कॅमेरा जोडायचा, तीच माहिती गावकऱ्यांना मराठीत पडद्यावर दाखवायची, अशा वेळी लिनक्सच्या बोर्डाला पर्याय उरत नाही.

मांडणी सोपी, नांदणे कठीण

हा संगणक सुरू करणे आज सोपे झाले आहे. दुसऱ्या संगणकावरून मायक्रो एसडी कार्डावर लिनक्स उतरवायचे, त्याच वेळी वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि वायफायचा तपशील भरायचा, कार्ड बोर्डात घालून वीज जोडायची. पडदा किंवा कीबोर्ड नसला तरी चालते. त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावरून त्यात शिरता येते. डीएस१८बी२० हा सर्रास वापरला जाणारा तापमान संवेदक तीन तारांनी आणि ४.७ किलोओहमच्या एका रेझिस्टरने जोडला जातो. जुळणीसाठी लागणारी एक ओळ मांडणीच्या फाइलमध्ये घातली की लिनक्स त्या संवेदकाला साध्या मजकुराच्या फाइलसारखे समोर ठेवते. फाइल उघडली, त्यात ४५१२५ दिसले, की तापमान ४५.१२५ अंश. यंत्राच्या पोटातील व्यवहार इतक्या उघडपणे दाखविणारी व्यवस्था बंद डब्यातील उपकरणांत सापडत नाही.

परीक्षा सुरू होते ती यानंतर. हाच संवेदक वीज मिळताच पहिला आकडा ८५ अंश देतो. ती तापमानाची नोंद नसते. मोजणी अद्याप झालेली नाही, एवढीच ती खूण असते. तार सैल असली किंवा वीज कमी पडली की मधूनच ८५ उमटतो. हे ठाऊक असलेला विद्यार्थी तो आकडा गाळतो. ठाऊक नसलेला त्याची सरासरी काढतो आणि त्याच्या गच्चीवरचे नागपूर दिल्लीच्या मुंगेशपूरलाही मागे टाकते. अनुकूल स्थितीतही या संवेदकाच्या आकड्यात अर्ध्या अंशापर्यंत फरक असू शकतो, असे त्याचे निर्मातेच सांगतात. दशांश चिन्हापुढचे तीन अंक दिसतात म्हणून ते खरे ठरत नाहीत.

वैदर्भीय उन्हाळ्याच्या अडचणी त्याहून कठोर आहेत. प्रोसेसरचे तापमान ८० अंशांच्या पुढे सरकू लागले की हा बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो. मे महिन्यात पत्र्याच्या बंद पेटीत ठेवलेल्या बोर्डाला त्या मर्यादेपर्यंत पोहोचायला फारसे कष्ट पडत नाहीत. संवेदक त्याच पेटीत असेल तर तो शहराची उष्णता मोजत नाही, संगणकाची मोजतो. हवामानशास्त्रात तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत आणि खेळत्या हवेत ठेवतात, ते उगाच नव्हे.

वीज हा दुसरा अडसर. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्डावरील माहिती खराब होते आणि बोर्ड पुन्हा सुरूच होत नाही. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ पूर्वीच्या प्रमुख बोर्डांत वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळ नव्हते. पाय ५ मध्ये ते आले, तरी त्याची बॅटरी वेगळी बसवावी लागते. तशी सोय नसेल आणि इंटरनेटही नसेल, तर वीज परतल्यावर नोंदी चुकीच्या वेळेवर पडू लागतात. दुपारी तीनचे तापमान सकाळच्या वेळेवर लिहिले गेले, तर आकडा बरोबर असूनही नोंद खोटी ठरते. छोटी बॅटरी, घड्याळाचा सुटा भाग आणि मूळ प्रणालीवर लिहिण्यास मज्जाव करणारी मांडणी, हे उपाय महाग नाहीत; ते करायचे असतात हे कोणी तरी शिकवावे लागते.

सुरक्षेचेही तसेच. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेली असंख्य लिनक्स उपकरणे २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने ताब्यात घेतली होती. रास्पबेरी पायनेही सर्वांना ठाऊक असलेले आपले ठरावीक वापरकर्ता नाव एप्रिल २०२२ मध्ये बंद केले.

आकड्यावर पोट

ही चर्चा हौशी मंडळींपुरती वाटेल. तशी ती नाही. २०१७ मध्ये राज्याच्या महावेध प्रकल्पातील पहिले स्वयंचलित हवामान केंद्र नागपूर जिल्ह्यातच, डोंगरगाव येथे सुरू झाले. पुढे महसूल मंडळनिहाय अशी केंद्रे उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत संत्रा बागायतदाराला भरपाई मिळणार की नाही, हे केंद्राने नोंदविलेल्या पाऊस आणि तापमानाच्या आकड्यांवर ठरते. झाडावरची फळे गळलेली दिसतात, पण विमा ती पाहत नाही; तो आकडा पाहतो. ज्याचे वर्षाचे उत्पन्न एका संवेदकावर अवलंबून आहे, त्याला तो आकडा तपासून पाहण्याचे साधन आणि ज्ञान दोन्ही असायला हवे.

शहरालाही हे लागू आहे. नागपूरने उष्माघात प्रतिबंधासाठी २०१६ पासून कृती आराखडा राबविला. उष्णता संपूर्ण शहरात सारखी नसते; दाट वस्तीतील पत्र्याच्या घरांचे तापमान सोनेगावचा आकडा सांगू शकत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. तलाव आणि नाल्यांच्या पातळीची क्षणाक्षणाची स्थानिक नोंद अशा पहाटे किती मोलाची ठरते, हे त्या रात्री घर सोडावे लागलेल्यांना सांगावे लागत नाही.

खर्च कशावर?

पैसा नाही, असे म्हणता येणार नाही. अटल टिंकरिंग लॅब योजनेत २०१६ पासून शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आले; त्यातील निम्मे उभारणीसाठी, निम्मे पुढील पाच वर्षांच्या चालविण्यासाठी. देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. या प्रयोगशाळांचे यश प्रदर्शनात दिवा लागला की नाही यावर मोजले गेले, तर बोर्ड कपाटात जाणार हे ठरलेलेच आहे. एका शाळेने एकच संवेदक सलग तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे चालविला, त्याच्या चुकांची वही ठेवली, तर ते काम दहा प्रदर्शनांहून मोलाचे ठरेल.

नागपूरला यासाठी बाहेर पाहण्याची गरज नाही. प्रादेशिक हवामान केंद्र, नीरी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था हे सारे एकाच शहरात आहे. वर्षातून एकदा शाळा-महाविद्यालयांचे संवेदक मानक उपकरणाशेजारी ठेवून त्यांचा फरक लिहून देण्याची व्यवस्था या संस्था मिळून करू शकतात. ती झाली, तर शाळेच्या गच्चीवरचा आकडा अधिकृत नोंदीची जागा घेणार नाही. मात्र अधिकृत नोंद चुकली, तर शेजारचे दहा आकडे ते तासाभरात दाखवून देतील.

रामदासपेठेतील ५६ अंश एका दिवसात खोडले गेले, कारण तो आकडा अविश्वसनीय होता. संवेदकाने ५६ ऐवजी ४७ दाखविले असते, तर कोणी शंका घेतली नसती. मोठी चूक स्वतःच ओरडून सांगते. छोटी चूक शोधायला शेजारी दुसरे यंत्र लागते, आणि ते यंत्र उघडून पाहण्याची सवय लागलेला माणूसही.